बाईंच्या वहीतला सुपरवायझर

शिसपेन्सिलीचं बूड स्टीलच्या डब्याच्या झाकणावर आपटलं की जो आवाज होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मी ज्या कॉलेजात लॅब असिस्टंट आहे तिथं पोरं मधल्या सुट्टीत डबे आपटतात, चमचे आपटतात, कधीमधी एकमेकांनाही आपटतात. मला आवाजाची सवय आहे. पण कुठं तरी ‘टक्’ असं एकदाच वाजलं, की माझ्या तोंडातलं वाक्य अर्धंच राहतं. बायकोला याचा शोध लागल्यापासून तिचं बरं चाललंय. मी फार बोलायला लागलो की ती उलथनं ओट्यावर एकदा आपटते.

तो आवाज आमच्या बाईंचा. बाई जिल्हा न्यायालयात स्टेनो होत्या. सगळी नोकरी दुसऱ्यांचं बोलणं लिहिण्यात गेली. वकील बोलले, साक्षीदार बोलले, साहेब बोलले, बाईंनी खोकल्यासकट उतरवून घेतलं. बाई, तुम्हाला काय वाटतं, असं त्यांना तेवढं कोणी विचारलं नाही. निवृत्त झाल्यावर लोक कुंड्या लावतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. बाईंनी नाटकमंडळ काढलं.

नाटकही असलं, की त्यात प्रेक्षकानं मध्येच उठून यायचं. पंधरा मिनिटांचा खेळ. त्यात एका माणसावर अन्याय व्हायचा आणि शेवट वाईट व्हायचा. मग तोच खेळ पुन्हा पहिल्यापासून. आता बघणाऱ्यांपैकी कुणीही ‘थांबा’ म्हणू शकायचं. म्हणणाऱ्यानं नुसता सल्ला द्यायचा नाही. पुढं यायचं, ज्याच्यावर अन्याय होतोय त्याच्या जागी उभं राहायचं आणि आपण काय केलं असतं ते करून दाखवायचं. अन्याय करणाऱ्याच्या जागी मात्र कोणी यायचं नाही.

“काहून?” असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“बाहेर तो बदलून भेटते का तुले?” बाई म्हणाल्या. “नाही ना? मग इथं बी नाही बदलत. तो जसा हाय तसाच राह्यन. बदलायचं ते समोरच्यानं.”

हा अन्याय करणारा म्हणजे मी. मंडळात मी नायक व्हायला गेलो होतो. गणेशोत्सवात दोनदा नायक केल्याचं मी बाईंना सांगितलंही. त्यांनी माझ्या मिशीकडं पाहिलं, पोटाकडं पाहिलं, आणि वहीत काही तरी खरडलं. तेव्हापासून मी कधी घरमालक, कधी रेशन दुकानदार, कधी सासरा. हजेरी घेताना बाई मला नावानं हाक मारत नसत. “आरोपी आला का?” एवढंच विचारत.

अंबाड्यात तीन पेन्सिली खोचलेल्या, मांडीवर वही, बाजूला जेवणाचा डबा. खेळात कोणी खोटं वागलं की पेन्सिल त्या डब्यावर एकदा आपटायच्या आणि खेळ तिथंच थांबायचा. चहा डब्याच्या झाकणात ओतून प्यायच्या. पेपर कालचा वाचायच्या. आजच्या बातम्या अजून शाबीत व्हायच्या आहेत म्हणायच्या. पण खरी दहशत त्यांच्या वहीची. कोण काय बोललं ते त्या शॉर्टहँडमध्ये टिपायच्या आणि मग सपाट, कोर्टातल्या आवाजात वाचून दाखवायच्या. नाटकातलंच नव्हे, कुठलंही. एकदा भाजीवाल्यापुढं वही उघडून म्हणाल्या, “दिनांक परवा, सायंकाळी, विक्रेता म्हणतो की, मावशी, मेथी आत्ताच तोडून आणली आहे.” त्यानं दोन जुड्या बदलून दिल्या आणि माझ्याकडं वळून हळूच विचारलं, “भाऊ, ह्या पोलिसात हायेत का?”

त्या खुणा आमच्यापैकी कुणालाच वाचता यायच्या नाहीत. म्हणजे बाई खरंच लिहितात की तिथल्या तिथं रचतात, हेही कळायला मार्ग नव्हता. पण वाचून झाल्यावर प्रत्येकाला वाटायचं, हो, हे आपण बोललो. माझं तर असं, की बोलताना जे वाक्य मला भारदस्त वाटलेलं असायचं ते बाईंच्या तोंडून आलं की मी तोंड लपवायला जागा शोधायचो.

आता बाई कन्हानला भाचीकडे असतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. मी जातो अधूनमधून. पण मला सांगायचंय ते बुटीबोरीचं, कारण तिथं मी जी माती खाल्ली ती अजून दातात लागते.

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शिलाई युनिटमधल्या बाया बाईंकडे आल्या होत्या. तिथं बाथरूमला जायचं तर सुपरवायझरकडून बिल्ला घ्यावा लागे. लाल प्लास्टिकचा बिल्ला, दोरी लावलेला. एका लाईनीला एकच. एकीनं परत आणला की दुसरीनं न्यायचा, असा नियम. नियम वाईट आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे तो बिल्ला सुपरवायझरच्या शर्टाच्या खिशात असे आणि मागितला की तो म्हणे, आधी पीस पूर्ण कर. एप्रिल चालू होता. बायांनी पाणी पिणंच सोडलं होतं. लघवीला आग, अंगात ताप, आणि त्या अंगानं दिवसभर मशीन. बाईंनी त्यांचं सगळं लिहून घेतलं आणि त्यांच्याच वाक्यांचा खेळ बसवला. सुपरवायझर कोण, ते सांगायला नको.

रविवारी दुपारी त्यांच्या वस्तीतल्या टिनाच्या शेडमध्ये प्रयोग झाला. वर पत्रे तापलेले, खाली दाटीवाटीनं बाया. दुसऱ्या फेरीत एक जण ‘थांबा’ म्हणून उठली. वर्षा तिचं नाव. किरकोळ अंगाची, पंचविशीची, त्याच लाईनीतली. ती मशीनवर बसली, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, “साहेब, तुमच्या घरी बी माय-बहीण असन ना. दोन मिनिटं जाऊ द्या. जेवणाच्या सुट्टीत बसून पीस पुरे करून देतो मी.” आणि तिचे डोळे खरोखरच भरून आले.

माझं काय झालं, सांगतो. मी बाईंचा नियम विसरलो. म्हणजे विसरलो नाही. आठवत होता, पण समोर एक पोरगी रडत होती, शंभरेक बाया माझ्याकडं पाहत होत्या, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला चांगलं वागायची संधी मिळाली होती. मी खिशातून बिल्ला काढला आणि म्हणालो, “बरं बरं, रडू नको. जा तू. उद्यापासून बिल्ला इथं खिळ्यालेच लावून ठेवतो.”

काय टाळ्या पडल्या. मागून शिट्ट्या. एक म्हातारी पुढं येऊन माझ्या गालावरून हात फिरवून गेली. गणेशोत्सवात नायक केला तेव्हाही एवढं झालं नव्हतं. डब्याचा आवाज आला नाही, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

परतताना व्हॅनमध्ये बाईंनी वही उघडली. “सुपरवायझर म्हणतो की, बरं बरं, रडू नको. जा तू...” पूर्ण वाचलं. पुन्हा वाचलं. मग विचारलं, “हा कोण माणूस हाय गा? मी तर ह्याले ओळखत नाही.”

“बाई, लोक खूश झाले.”

“खूश झाले म्हणून तर जीव घाबरून राहिला माहा.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “माही बी चूक हाय. डबा वाजवाचा होता. टाळ्या ऐकत बसली मी.”

मंगळवारी सकाळी लॅबमध्ये परीक्षानळ्या पुसत होतो तेव्हा बाईंचा फोन आला. वर्षानं सोमवारी खऱ्या सुपरवायझरला तेच सगळं म्हटलं होतं. माय-बहीण, दोन मिनिटं, जेवणाची सुट्टी, त्याच क्रमानं. तो हसला. मग लाईनीसमोर म्हणाला, नाटक करते का माझ्यापुढं, आणि तिचा गेटपास काढून घेतला. कंत्राटी कामगार, उद्यापासून येऊ नको म्हटलं की संपलं.

माझ्या हातातली नळी फुटली. मी ती स्वतःच्या नावावर लिहिली.

त्याच दिवशी बाई मला वर्षाच्या खोलीवर घेऊन गेल्या. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून मी डझनभर केळी घेतली. नोकरी घालवलेल्या माणसाकडं केळी घेऊन जाणारा माझ्यासारखा मीच. वर्षानं ती घेतली, बशीत ठेवली, आम्हालाच खायला दिली. मी म्हणालो, “वर्षाताई, चुकलं माझं.”

ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती म्हणाली, “नाही सर. तुम्ही हो म्हणलं ना, मले वाटलं तो बी म्हणन. तुमच्यासारखीच मिशी हाय त्याले.”

मी हातातलं केळं तोंडासमोर धरून मिशी झाकली.

खोलीत तिच्या लाईनीतल्या आणखी पाच जणी आल्या होत्या. त्यातल्या कमलाबाई वयानं मोठ्या, गुडघ्यांनी अधू, तोपर्यंत अवाक्षर न बोललेल्या. ह्या सगळ्या शनिवारी पुन्हा बिल्ल्याचा विषय काढणार होत्या, आणि वर्षाचाही. कसा काढायचा ते माहीत नव्हतं. बाई म्हणाल्या, “शुक्रवारी संध्याकाळी इथंच बसू. सुपरवायझर हाच करन.” आणि माझ्याकडं न बघता, “या वेळी जर गळला, तर पाच गेटपास जातील.”

मधल्या दोन दिवसांत बाईंनी माझी तालीम घेतली. विहाराच्या हॉलमध्ये दुपारी आज्या बसलेल्या असतात. त्यांना सांगितलं, ह्याच्या खिशातला बिल्ला मागा, ह्यानं द्यायचा नाही. पहिल्या आजीला मी नाही म्हणालो. दुसरी म्हणाली, “माह्या धाकट्यासारखा दिसतो रे तू, जेवला का?” मी बिल्ला देऊन टाकला. टक्. “आरोपीने जेवणाच्या चौकशीवरून ऐवज सोडला,” बाईंनी लिहिता लिहिता वाचलं. घरी सराव करावा म्हणून, बायकोनं सिलिंडर लावून दे म्हटल्यावर मी म्हणालो, आधी टार्गेट पूर्ण कर. त्या दिवशी माझं जेवण हेच एक टार्गेट राहिलं.

हसण्यासारखंच होतं सगळं, पण मला झोप नव्हती. मी पुन्हा मऊ पडलो तर ह्या बाया उद्या खोट्या भरवशावर आत जाणार. आणि कडक राहिलो, इतका की त्यांना काहीच सुचलं नाही, तर आहे तेवढा धीरही माझ्याच हातून मोडणार. नियम सोपा होता. माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

शुक्रवारी वर्षाच्या खोलीत सहा बाया ओळीनं बसल्या, समोर मशीन आहे असं समजून. बाई दारात. खऱ्या सुपरवायझरची खरी वाक्यं बाईंनी मला वहीतून उतरवून दिली होती. मी ती बोलायला लागलो. “घरून करून येत जा.” “तुमच्यापायी काय लाईन बंद ठेवू?” “बाहेर गेटवर दहा जणी उभ्या हायेत तुमच्या जागेसाठी.” माझ्याच तोंडाला कडू चव आली.

वर्षानं विनवलं. नाही म्हणालो. एकीनं आवाज चढवला. मी म्हणालो, तू उद्यापासून येऊ नको, आणि ती खरंच गप्प झाली, रंग उतरला तिचा. एकीनं डॉक्टरची चिठ्ठी काढली. मी म्हणालो, मग आजारी माणसानं घरी बसावं. अर्धा-पाऊण तास असंच. एक जण उठून पदरानं तोंड पुसत कोपऱ्यात गेली. मी बाईंकडं पाहिलं, आता तरी वाजवा डबा म्हणून. पेन्सिल कागदावरच चालत होती.

मग कमलाबाई भिंतीला धरून उठल्या. मला वाटलं गुडघा दुखला असेल.

“मी नाही भांडत गा,” त्या म्हणाल्या. “मले फक्त जायचं हाय. हिच्या मागं माहा नंबर.” आणि वर्षाला उठवून माझ्यासमोर उभं केलं, तिच्या मागं स्वतः उभ्या राहिल्या. बाकीच्यांनी एकमेकींकडं पाहिलं. मग एकेक करून त्याही मागं लागल्या. टँकरवर लागतात तशी रांग.

“बसा खाली,” मी म्हणालो.

“बसतो ना. नंबर होऊ द्या.”

“एकीनं एकीनं यायचं. एकच बिल्ला हाय.”

“एकेकच तर जाऊन राहिलो. नियम तुमचाच हाय.”

“मी नावं लिहून घेईन सगळ्यांची.”

“लिहा,” कमलाबाई म्हणाल्या. “क्रमानं लिहा म्हणजे कोणी मध्ये घुसणार नाही.”

कोपऱ्यातली हसली आणि रांगेत येऊन उभी राहिली.

मी बाईंनी दिलेल्या कागदावर पाहिलं. सुपरवायझरची वाक्यं संपली होती. मी माझी शोधली, तीही नव्हती. सहा मशिनी बंद आणि कुणी काही मोडत नाहीये, कुणी ओरडत नाहीये, नुसत्या उभ्या आहेत. पंख्याचा आवाज येत होता. किती वेळ गेला माहीत नाही. माझा हात खिशाकडं गेला, आणि वर्षानं तो बिल्ला माझ्या बोटांतून काढून घेतला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायांना उद्याचं दिसायला लागलं होतं.

मला मात्र एकच खाऊ लागलं: मी हरलो, की परत गळलो? माझं मलाच कळेना. व्हॅनमध्ये मी बाईंना म्हणालो, “वाचा ना.” त्या म्हणाल्या, “आज नाही.”

शनिवारी कॉलेजला दांडी मारली. बाई, वर्षा आणि मी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर. दहा वाजता आत कमलाबाई आणि बाकीच्या चौघी मशीनवरून उठणार होत्या. फोन सगळ्यांचे लॉकरमध्ये, म्हणजे जेवणाच्या सुट्टीपर्यंत काही कळणार नाही. मी चार चहा प्यायलो. बाई कालचा पेपर वाचत होत्या, पण पान उलटत नव्हत्या.

साडेदहाच्या सुमारास गेटमधून एक माणूस घाईघाईनं बाहेर आला. वर्षा बाईंच्या मागं सरकली. “तोच,” म्हणाली. मी राक्षसाची वाट पाहत होतो. हा माझ्याहून बारीक, शर्ट घामानं चिकटलेला. मिशी मात्र तशीच. त्यानं बाजूच्या पानठेल्यावर तंबाखूचा खर्रा सांगितला आणि फोन लावला. “सर, बसून नाही राहिल्या. नाही सर, भांडण नाही. नारे नाही. नुसत्या उभ्या हायेत. हो सर, रांगेत.” फोन बंद करून तो तसाच उभा राहिला. त्याच्या खिशातून लाल दोरी लोंबत होती आणि त्याचा हात तिच्याशी चाळा करत होता. तो हात मी ओळखला. काल माझाच होता.

माझ्या अगदी ओठावर आलं, देऊन टाका ना भाऊ. मी अर्धा उठलोही. पाठीमागं हलकेच वाजलं, टक्. मी बसलो.

तो खर्रा न घेताच आत गेला.

एक वाजता कमलाबाई लंगडत गेटपाशी आल्या. गजांतून बोलायला लागल्या तेव्हा बाईंची पेन्सिल तयार होती. पाचही जणी उभ्या राहिल्या होत्या. मग मागच्या दोन लाईनीही. मॅनेजर खाली आला. “रांगेत एक जागा सोडून उभ्या होतो आम्ही,” कमलाबाई म्हणाल्या. “तो म्हणते, हे मधात काहून सोडलं? म्हणलं, इथं वर्षा उभी राह्यते. ती आली का रांग पुरी होते.”

“मग?”

“बिल्ला खिळ्याले लावा म्हणून सांगितलं त्यानं सुपरवायझरले. अन् वर्षाले म्हणे सोमवारी पाठवा, पाहू.”

“‘पाहू’ म्हणाला का ‘घेऊ’?” बाईंनी विचारलं.

“पाहू.”

बाईंनी ‘पाहू’ लिहिलं आणि आम्हाला कुणाला हसू दिलं नाही.

रविवार कसा गेला ते विचारू नका. सोमवारी दुपारपर्यंत मी लॅबमध्ये दोनदा चुकीचं आम्ल काढलं. कॉलेज सुटलं तसा बाईंच्या घरी गेलो. तिथं वर्षाचा फोन येऊन गेला होता. तिला घेतलं होतं. बिल्लाही खिळ्याला होता, पण सुपरवायझरनं तो खिळा मुद्दाम इतक्या वर ठोकला होता की वर्षाचा हात पुरत नव्हता. कमलाबाईंचा तर प्रश्नच नाही. स्टूल शोधून आणावं लागत होतं.

मी हसलो, आणि मग तीन दिवस गिळलेलं एकदाचं विचारलं. “बाई, शुक्रवारी मी परत गळलो होतो का?”

बाईंनी चष्मा पुसला आणि वही उघडली. “रविवार. सुपरवायझर म्हणतो की, बरं बरं, रडू नको. जा तू. उद्यापासून बिल्ला इथं खिळ्यालेच लावून ठेवतो.” बोटावर मोजलं. “बारा शब्द.” पानं उलटली. “शुक्रवार. सुपरवायझर म्हणतो की, मी नावं लिहून घेईन सगळ्यांची.” तिथं थांबल्या आणि वही माझ्याकडं फिरवली. त्या ओळीखाली कमलाबाईंच्या खुणा होत्या, आणि त्याखाली पान कोरं होतं, शेवटपर्यंत.

“पुढं तू काहीच बोलला नाही,” बाई म्हणाल्या. “दया आली म्हणजे माणूस बोलते. हरला का गप होते.”

मी त्या कोऱ्या कागदाकडं बराच वेळ पाहिलं. माझ्या आयुष्यातलं तेवढं एकच काम वाचून दाखवण्यासारखं झालं होतं, आणि त्यात वाचायला काही नव्हतं.

बाईंनी वही मिटली. “रविवारी पुन्हा बसायचं हाय. खिळा खाली आणायचा हाय.”

माझी छाती जरा फुगली होती. म्हणालो, “बाई, या वेळी मी वर्षाले एखादा भाऊ दाखवून त्याचं काम करू का? सुपरवायझर दुसऱ्या कोणाले...”

टक्.